चेहरा वाचणारा कॅमेरा आणि अंगणवाडीतले मूल

१ जुलै २०२५ पासून देशभरातल्या अंगणवाड्यांत, घरी न्यायचा शिधा देण्याआधी लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर टिपणे सक्तीचे झाले. सेविका 'पोषण ट्रॅकर' उघडते, समोरच्या गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला फोनकडे पाहून डोळे मिचकावायला सांगते आणि आधारवरच्या फोटोशी चेहरा जुळला की शिधा हातात ठेवते. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर त्याच्या पालकाचा चेहरा लागतो. गोव्यात अशा सुमारे साडेबाराशे अंगणवाड्या आहेत, पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्याही त्यांत आल्या. म्हणजे चेहरा ओळखणारा कॅमेरा बालशिक्षणाच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. सध्या तो एकच प्रश्न विचारतो: ही व्यक्ती कोण? जगात इतरत्र मात्र त्याला दुसरा प्रश्नही विचारायला शिकवले गेले आहे: हे मूल आत्ता कसे आहे? आनंदात, रागात, घाबरलेले, कंटाळलेले?

दोन्ही प्रश्न एकाच भिंगातून विचारले जातात, म्हणून ते सारखेच वाटतात. पहिल्याचे उत्तर बरोबर की चूक हे ताडून पाहता येते, कारण माणूस तोच असतो किंवा नसतो. दुसऱ्याचे उत्तर ताडायचे कशाशी? तीन वर्षांच्या मुलाला विचारून कळत नाही, आणि जवळच्या मोठ्या माणसांतही त्यावर एकमत होईलच असे नाही. या विद्येची दीडशे वर्षांची वाटचाल याच एका अडचणीभोवती फिरते.

चार्ल्स डार्विनला ती पहिल्याच फेरीत भेटली होती. १८३९ मध्ये त्याचा थोरला मुलगा विल्यम जन्मला आणि बापाने त्याच्या हालचालींची टिपणे ठेवायला सुरुवात केली. माणूस व प्राणी यांच्या भावनांवरचे त्याचे पुस्तक १८७२ चे, त्या बाळावरचा लेख १८७७ चा. आठव्या दिवशी बाळाने रडण्याआधी कपाळाला आठ्या घातल्या, डोळ्यांभोवती सुरकुत्या पाडल्या. डार्विनने ते टिपले आणि लगेच जोडले की हा राग असेलच असे नाही, दुखण्यामुळे किंवा त्रासामुळेही असे झाले असेल. बापाने जी शंका टिपली ती आजच्या उत्पादनांच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

पुढे पॉल एकमन याने १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली आणि काही मूळ भावनांचे चेहरे जगभर सारखेच असतात असा निष्कर्ष मांडला. १९७८ मध्ये त्याने आणि वॉलेस फ्रीसन याने चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. भुवया खाली ओढणे ही चौथी हालचाल, गाल वर चढणे ही सहावी, ओठांचे कोपरे वर खेचले जाणे ही बारावी. सहा आणि बारा एकत्र दिसले की खरे हसू. संगणकाला हे फार सोयीचे पडले, कारण त्याला राग कळत नसला तरी क्रमांक कळतात. लहान मुलांच्या बाबतीत मात्र इथेच गाडी अडखळली. बाळाचे गाल चरबीने भरलेले असतात, मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर जिथे सुरकुती पडते तिथे त्याची कातडी तुळतुळीत राहते. हॅरिएट ऑस्टर या संशोधिकेला त्यासाठी ही पद्धत बाळांकरता वेगळी मांडावी लागली. शिवाय मुले मन लावून काही करतानाही भुवया आवळतात. दोऱ्यात मणी ओवणारी चार वर्षांची मुलगी पाहा. चौथी हालचाल ठळक दिसते, आणि यंत्राच्या हिशेबी ती रागावलेली असते.

यंत्राला भावना शिकवण्याच्या कल्पनेला 'अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग' हे नाव मिळाले ते रोझालिंड पिकार्ड यांच्या १९९७ च्या पुस्तकामुळे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि राना एल् कलियूबी यांनी हे काम बऱ्याच अंशी स्वमग्न व्यक्तींना इतरांचे चेहरे कळावेत म्हणून पुढे नेले. २००९ मध्ये त्यातून 'अफेक्टिव्हा' ही कंपनी निघाली आणि थोड्याच काळात जाहिराती पाहणाऱ्यांचे चेहरे मोजू लागली. या क्षेत्रात हे पुन्हापुन्हा घडते: साधन बनते गरजवंतासाठी आणि खपते भलतीकडेच.

आता हे यंत्र शिकते कशावर ते पाहू. सर्वात जास्त वापरल्या गेलेल्या चित्रसंचांपैकी एक २०१३ मधला, ३५,८८७ चेहऱ्यांचा. ही चित्रे गूगलवर भावनांचे शब्द शोधून गोळा केलेली, प्रत्येक अवघ्या ४८ बाय ४८ ठिपक्यांचे, आणि खाने सात: राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य आणि यांतले काहीच नाही. माणसांनाही त्यांतले साधारण तीनात दोनच चेहरे बरोबर लावता येतात. खास मुलांचे संच थोडे आहेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात व्हेनेसा लोब्यू यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेला संच २ ते ८ वर्षांच्या १५४ मुलांचा, छायाचित्रे १,१९२. हे काम मेहनतीने आणि प्रामाणिकपणे केलेले आहे, पण या मुलांना अमुक चेहरा करून दाखव असे सांगितलेले होते. म्हणजे भीतीचे चित्र हे भ्यायलेल्या मुलाचे चित्र नव्हे. ते भ्यायल्याचे सोंग करणाऱ्या मुलाचे आहे. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या प्रयोगशाळेने उलट वाट धरली, मुलांना चित्रफिती दाखवून त्यांचे आपोआप उमटलेले भाव टिपले. तिथे मुले होती फक्त १२, आणि वयाने सहाच्या पुढची. अंगणवाडीचे वय तीन ते सहा. त्या वयातले, न सांगता उमटलेले आणि आपल्याकडच्या घरांतले चेहरे या दोन्ही संचांच्या बाहेरच राहतात.

सर्वात मोठा घाव २०१९ मध्ये पडला. लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक शोधनिबंध वाचून एक दीर्घ आढावा लिहिला. या पाचजणांची सुरुवातीची मते एकमेकांशी जुळणारी नव्हती, म्हणून त्यांच्या एकमताला वजन आहे. त्यांचे म्हणणे असे: रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो हे शंभरांतून तीसहून कमी वेळा खरे ठरते. उरलेल्या वेळी तो गप्प बसतो, रडतो, हसतोही. आणि आठ्या पडतात त्या पुष्कळदा राग नसतानाच. चेहऱ्याची हालचाल यंत्र अचूक टिपू शकते, पण हालचालीवरून मनात काय आहे ते काढणे हे विज्ञान अजून जमलेले नाही. त्याआधी वर्षभर लॉरेन ऱ्ह्यू यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूंची छायाचित्रे दोन प्रसिद्ध प्रणालींना दिली होती. कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या प्रणालींनी जास्त रागीट ठरवले. उद्या सावळ्या मुलांच्या वर्गात हेच होणार नाही याची हमी विक्रेत्याकडे मागितली पाहिजे, आणि तीही लेखी.

हे सगळे पेडण्यात आणून पाहू. इथे दशावतारी नाटक रात्रभर चालते आणि काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर प्रेक्षकांत शिरला की पुढे बसलेली पोरे किंचाळतात. त्यातलेच एखादे आईच्या पदरात तोंड लपवते, एका डोळ्याने बघते, रडतारडता हसते आणि संकासुर दुसरीकडे वळला की त्याने परत यावे म्हणून हाका मारते. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर उभ्या राहणाऱ्या नरकासुरापुढेही हाच खेळ. सातांपैकी कुठला खाना लावायचा? मुलाला भीती वाटते आहे आणि भीती हवीही आहे, आणि आईचा पदर हाताशी आहे म्हणूनच हवी आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत पदर येत नाही.

वर्गात तर चेहरा बऱ्याचदा दिसतच नाही. बिनसलेले मूल भिंतीकडे तोंड करून बसते, खाऊ नको म्हणते आणि कोणी समजूत काढायला येते का याची कान देऊन वाट पाहते. सेविकेला हे पाठीवरूनच कळते. घरात काय चालले आहे हेही तिला ठाऊक असते, कारण ती बहुधा त्याच गावची. डिचोली तालुक्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कोणाचा ट्रक दारात उभा राहिला, कोणाचे वडील बाहेरगावी कामाला गेले, हे वाड्यावरच्या बायकांना सांगावे लागले नसेल. पेडण्यात मोपाच्या विमानतळाचे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले. त्याआधी आणि त्यानंतरही बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुले गावच्या मुलांत येऊन बसतात. घरची भाषा कन्नड किंवा हिंदी, वर्गात पेडण्याकडची कोंकणी, पाटीवर आणि गाण्यांत मराठी. असे मूल पहिले काही महिने बोलत नाही. त्याचा चेहराही निर्विकार असतो, कारण ते कानांनी सगळे पिऊन घेत असते. यंत्र त्याला 'काहीच नाही' या खान्यात टाकील, आणि खरे काम नेमके तिथेच असते.

बाहेरचा अनुभव काय सांगतो? चीनमध्ये २०१८ साली हांगचौच्या एका माध्यमिक शाळेत फळ्यावरच्या कॅमेऱ्यांनी विद्यार्थ्यांचे हावभाव मोजायला सुरुवात केल्याच्या बातम्या जगभर गेल्या. पुढच्या वर्षी चिन्हुआजवळच्या प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर एकाग्रता मोजणारे पट्टे बांधले गेले, पालक चिडले आणि प्रशासनाला ते थांबवावे लागले. हाँगकाँगमध्ये 'फोर लिटिल ट्रीज' ही प्रणाली ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांचा कल सांगत होती. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये आपल्या सेवेतून चेहऱ्यावरून भावना सांगण्याची सोय काढून घेतली. युरोपीय संघाच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून शाळांत आणि कामाच्या जागी अशी यंत्रे वापरण्यावर बंदी घातली, अपवाद वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. खेळण्यांचे जग वेगळे नाही. मुलांशी भावनेने बोलणारा 'मॉक्सी' नावाचा यंत्रमानव विकणारी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडली, आणि सवंगडी का जाणार हे मुलांना कसे सांगावे याचा घोर आईबापांना लागला. ज्या बाजारात ही वस्तू जन्मली तिथूनच ती मागे सरकते आहे. अशा वेळी उरलेला माल कुठे खपवला जातो हे आपल्याला औषधांपासून कीटकनाशकांपर्यंत ठाऊक आहे.

तरी सगळे तंत्रज्ञान एका दावणीला बांधणे अन्यायाचे होईल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या ७१ स्वमग्न मुलांवर एक चाचणी जाहीर केली. मुलांनी चष्म्यासारखे उपकरण घालायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते उपकरणाने मुलाला सुचवायचे. घरी हे वापरणाऱ्या मुलांचे इतरांशी वागणे काहीसे सुधारले. इथे यंत्राची दिशा पाहण्यासारखी आहे. ते मुलाला मोजत नाही, मुलाच्या बाजूने उभे राहते.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्यातच आहे. १९९६ मध्ये इथे सुरू झालेली 'संगत' ही संस्था मानसिक आरोग्याच्या कामासाठी आज जगात ओळखली जाते. तिच्या सहभागाने झालेल्या 'स्टार्ट' या प्रकल्पात, तज्ज्ञ नसलेले आरोग्य कार्यकर्ते टॅब्लेट घेऊन दिल्लीतल्या घराघरांत गेले. मुलाने पडद्यावरचे बुडबुडे फोडायचे, चित्र रंगवायचे, दोन चित्रफितींपैकी हवी ती पाहायची. नजर कुठे वळते, बोट कसे फिरते, यावरून स्वमग्नतेची शंका घ्यावी का ते ठरवायचे. २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांवरचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'डीप' नावाचा दुसरा प्रकल्प हरियाणातल्या रेवाडीत लहान मुलांची समज खेळांतून अजमावतो. या दोन्हींत भावनांना नाव देण्याचा आव नाही. मूल एकदा तपासले जाते, आईबाप शेजारी असतात, आणि शंका आली तर पुढे माणूस पाहतो. बालरोग व मानसोपचार तज्ज्ञ जिथे शहराकडेच सापडतात, त्या डिचोली-पेडण्यासाठी असे साधन उपयोगी ठरू शकते. ही दिशा मला मान्य आहे.

'संगत'शी निगडित संशोधकांचेच एक जुने काम या प्रश्नाचा गाभा दाखवते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात १७१ बाळे होती. नैराश्य असलेल्या आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने आणि लांबीने मागे राहण्याची शक्यता जास्त दिसली, बौद्धिक वाढीच्या चाचणीतही फरक होता. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात आयांना काही क्षण चेहरा निश्चल ठेवायला सांगून जे दाखवले तेच इथे महिनोन्महिन्यांच्या मापात दिसते. त्या प्रयोगात बाळ आधी हसून, हात हलवून आईला परत बोलावते, मग तोंड वळवते, मग कोलमडते. लहान मुलाची भावना ही त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर पुरी होत नाही. तिला उत्तर मिळाले की ती आकार घेते. तेव्हा पैसा आणि यंत्र लावायचेच असेल तर पहिल्यांदा मोठ्यांच्या मनःस्थितीकडे लावावे: बाळंतिणीच्या, आणि सेविकेच्याही.

सेविकेचा दिवस कुठे जातो? वजन-उंचीच्या नोंदी, शिधावाटप, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी बायकांना बोलावणे, निवडणूक आली की मतदार याद्या, आणि आता चेहरा जुळेपर्यंत फोन हातात धरून उभे राहणे. फोटो जुना असतो, आधारला जोडलेला नंबर बदललेला असतो, नेटवर्क गेलेले असते. या काळात मुले मदतनीसाकडे. तिथे आणखी एक कॅमेरा आणून तो सेविकेला 'कोपऱ्यातले मूल दुःखी आहे' असे कळवू लागला, तर ती सूचना वाचायलाही तिला मान फोनमध्येच घालावी लागेल.

पाहण्याची शिस्त आपल्याकडे नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत आल्या आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. सरकारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, म्हणजे बोर्डीच्या केंद्रानंतर तीस वर्षांनी. ताराबाईंच्या कामाचा कणा निरीक्षण हा होता. मूल काय करते ते आधी बघायचे, शिकवायचे नंतर. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही भावनिक विकासाला स्वतंत्र उद्दिष्ट मानले आहे, आणि मूल्यमापनासाठी शिक्षिकेची निरीक्षणे व प्रसंगनोंदी यांवरच भर दिला आहे. गोव्याने २०२३-२४ पासून हा टप्पा लागू केला. कागदावर दिशा ठीक आहे. प्रसंगनोंद लिहायला रोज पंधरा मिनिटे मिळतात का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो अंदाजपत्रकाचा आहे.

कायद्याकडे येऊ. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करतो आणि पालकांची पडताळलेली संमती मागतो. इथवर चांगले. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना 'शैक्षणिक कामासाठी' आणि मुलांच्या सुरक्षेसाठी त्या मनाईतून सवलत दिली आहे. पाळणाघरांनाही सुरक्षेपुरती आहे. भावना मोजणारा कॅमेरा विकणारा उद्या हेच दोन शब्द पुढे करील. युरोपने शाळेचे दार बंद केले, आपण तेच नेमके उघडे ठेवले.

गोव्याने तरी या बाबतीत जास्त सावध असायला हवे. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली तेव्हा त्याच्या 'अनाथाश्रमा'तून मुलांच्या अश्लील छायाचित्रांचा साठा सापडला होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या आणि तशा प्रकरणांची आठवण ताजी असतानाच २००३ चा गोवा बाल कायदा आला. मुलांची अश्लील छायाचित्रे धुवायला आली तर कळवण्याची जबाबदारी त्याने थेट फोटो धुणाऱ्यांवर टाकली. फोटो धुण्याचा धंदा आता संपला, छायाचित्रे मात्र कुठल्याशा सर्व्हरवर जाऊन पडतात. पर्यटनाने व्यापलेल्या मांद्रे-मोरजी-हरमलच्या पट्ट्यात, रोज वर्गात बसलेल्या मुलांचे तासन्‌तास चित्रीकरण करून ते बाहेरच्या कंपनीकडे ठेवणे हे भावनांच्या विज्ञानात शिरण्याआधीच नाकारावे इतके धोक्याचे आहे. २००३ च्या कायद्यात या नव्या साठ्याची तरतूद करणे विधानसभेच्या हातात आहे.

माझा कौल असा. वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यांवरून सतत भावना मोजणारी यंत्रे गोव्यातल्या अंगणवाड्यांत, बालवाड्यांत आणि खाजगी नर्सरींत नकोत, प्रायोगिक म्हणूनही नकोत. विकासातली अडचण लवकर हेरणारी, पालकांसमोर एका मुलापुरती वापरली जाणारी आणि शेवटचा शब्द माणसाकडे ठेवणारी साधने जरूर यावीत, आणि ती मराठी-कोंकणीत, इथल्या मुलांवर तपासून यावीत. महिला व बाल विकास संचालनालयाने हा फरक परिपत्रक काढून स्पष्ट करावा. तोवर नर्सरीच्या प्रवेश अर्जावर सही करण्याआधी पालकांनी छायाचित्रण आणि 'स्मार्ट वर्ग' यांबद्दलचे कलम शोधून वाचावे. चित्रे कुठे साठवली जातात, किती दिवस राहतात आणि त्यांवरून मुलाबद्दल काय ठरवले जाते, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर आले नाही तर त्या कलमापुढे 'नाही' असे लिहून खाली सही करावी.